पुलावरची तुळई

पोलीस खात्यात आयुष्य काढल्यावर बरीच प्रकरणं एकमेकांत मिसळून जातात. कोणता जबाब कोणत्या गुन्ह्यातला होता, हेही पुढं सांगता येत नाही. जुन्या पुलावरची ती सकाळ मात्र मला अजून जशीच्या तशी दिसते. रस्ताभर फुटलेल्या गुळाच्या ढेपा, एका अंगावर कललेला ट्रक, तुटलेला दगडी कठडा आणि ट्रकच्या पुढच्या चाकापाशी डोकं धरून बसलेला ड्रायव्हर. अपघात झाला की ड्रायव्हर पळतो, हा आमचा नेहमीचा अनुभव. हा पळाला नव्हता. लोकांनी त्याला बेदम मारलं होतं, तरी तो जागचा हलला नव्हता. मला बघून त्यानं पहिला प्रश्न विचारला, तोही स्वतःबद्दल नव्हता.

"साहेब, तो सायकलवाला पोरगा भेटला का?"

पोरगा थोड्या वेळानं सापडला, पुलाखालच्या खडकात. कठड्याच्या दगडांबरोबर तो खाली गेला होता. नदीपलीकडच्या गावचा, विशीतला मुलगा. नव्यानं उभ्या राहिलेल्या एका सॉफ्टवेअर कंपनीच्या फाटकावर सुरक्षारक्षक होता आणि पाळी संपवून घरी निघाला होता.

पुलाचं आणि गावाचं नाव मी देत नाही. त्या गावानं पुरेसं भोगलं आहे. पुण्याच्या पूर्वेला, नगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचा तो पूल, एवढं पुरे. इंग्रजी अमदानीत बांधलेला, काळ्या दगडाचा, चुन्यात घडवलेला. त्याआधी तिथं नदीला उतार होता. कोरड्या दिवसांत बैलगाड्या पाण्यातून जात आणि पावसाळ्यात दोन्ही काठांवर मुक्काम पडत. पूल झाला आणि नगरचा रस्ता बारमाही झाला. लष्कराचं सामान त्यावरून गेलं, पुढं मोटारी आल्या, मग एसटी आली. रुंदी मात्र बैलगाड्यांचा हिशेब धरून ठेवलेली. दोन एसट्या समोरासमोर आल्या की एकीला मागं हटावं लागे, म्हणून दोन्ही टोकांना आमचा एकेक शिपाई झेंडी घेऊन उभा असे. ठाण्यात या कामाला 'पुलाची ड्युटी' म्हणत आणि साहेबाची मर्जी गेलेल्या माणसाला ती मिळे. मी नोकरीत नवा होतो तेव्हाचे जुने हवालदार त्या ड्युटीच्या गोष्टी सांगत. त्यात ऊन, धूळ आणि ड्रायव्हरांच्या शिव्या याखेरीज काही नसे, पण ते अभिमानानं सांगत.

मग नव्वदचं दशक आलं. खराडीच्या बाजूला ज्वारीची रानं होती, तिथं काचेच्या इमारती उठल्या. वाघोलीपर्यंत खडीमशीन, कॉलेजं आणि बिल्डरांच्या पाट्या लागल्या. कंपन्यांच्या बसगाड्या, कंटेनर, खडीचे डंपर या सगळ्यांना त्या पुलाचा जीव पुरेना. शेजारी काँक्रीटचा रुंद नवा पूल झाला. जुन्या पुलाच्या एका गाळ्याचा चुना धुपला होता, म्हणून तो फक्त शहरातून बाहेर जाणाऱ्या हलक्या वाहनांसाठी ठेवला. जड वाहन शिरू नये म्हणून त्याच्या शहराकडच्या तोंडाशी लोखंडी कमान उभी केली. दोन बाजूंना दोन खांब आणि त्यांच्यावर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची एक आडवी तुळई. ट्रकचा टप तिच्याखालून जाणार नाही इतकी ती खाली होती. शेजारी 'जड वाहनांस प्रवेश बंद' अशी पाटीही होती. तिच्यावर कुठल्याशा कॉम्प्युटर क्लासची जाहिरात चिकटवलेली होती. सहा महिन्यांत अमेरिकेला पाठवतो, असं काहीतरी.

मी त्या वेळी त्या हद्दीतल्या पोलीस ठाण्याचा प्रमुख निरीक्षक होतो. फिर्याद दिली ती पुलाची देखभाल करणाऱ्या कार्यालयाच्या कनिष्ठ अभियंत्यानं. ट्रकनं लोखंडी कमानीला धडक देऊन ती तोडली, बंदी असताना जुन्या पुलावर ट्रक घातला, कमजोर गाळ्यावर भार पडून कठडा कोसळला आणि एका इसमाचा मृत्यू झाला. साधी, सरळ फिर्याद. नुसत्या निष्काळजीपणाचा गुन्हा असता तर ड्रायव्हरला जामीन मिळाला असता. पण अडथळा मुद्दाम तोडून आत शिरला म्हटल्यावर सदोष मनुष्यवधाचं कलम लागलं आणि माणूस आत गेला. दोष शाबीत झाला असता, तर त्याची उमेदीची वर्षं येरवड्याच्या भिंतीआड जाणार होती.

ड्रायव्हर वाशीमकडचा. संत्री घेऊन मार्केट यार्डात आला होता आणि परतीला गूळ भरून निघाला होता. त्याचं म्हणणं पहिल्या तासाला जे होतं, तेच शेवटपर्यंत राहिलं.

"तठी आडवं कायीच नोतं, साहेब. नव्या पुलावर बशींची लाइन लागली होती. इकडचा रस्ता मोकळा दिसला, म्हणून घातली. कमान असती तं मी कायले घुसलो असतो? माह्याच गाडीचा टप उडाला असता."

खोटं बोलणारा माणूस दर वेळी गोष्टीत थोडी भर घालतो. हा काहीच घालत नव्हता. चौकशी संपली की मुलाच्या आईबद्दल विचारायचा. तिला आणखी मुलगा आहे का, एवढंच. नाही म्हटल्यावर भिंतीकडे तोंड करून बसायचा.

दुपारी गाव ठाण्यावर आलं. ड्रायव्हरला आमच्या ताब्यात द्या, इथपर्यंत बोलणं गेलं. अशा वेळी मी समोर कोण ओरडतंय ते बघत नाही, कोण आलं नाही ते बघतो. मुलाच्या नात्यातले सगळे आले होते. सख्खा चुलता तेवढा नव्हता. मुलाचा बाप लहानपणीच गेलेला, या चुलत्यानंच त्याला वाढवला होता, असं मला त्याच गर्दीतून समजलं. ज्याचा जीव सगळ्यात जास्त तुटला असेल तोच घरी बसला होता. मी ते मनात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अभियंत्याला घेऊन पुलावर गेलो. कमानीचे दोन्ही खांब ताठ उभे होते. तुळई कुठेच नव्हती.

"तुळई कुठं आहे?" मी विचारलं.

"नदीत पडली असेल."

"अहो, हे खांब जमिनीवर आहेत. इथून तुळई नदीत पडायची तर तिला आधी चालत जावं लागेल. आपण पाहिलंत का तिला जाताना?"

त्यानं घाम पुसला. मी शिडी मागवली. हवालदाराला वर चढवण्याऐवजी स्वतःच चढलो, कारण काही गोष्टी दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघून चालत नाहीत. धडकेनं तुटलेलं लोखंड वाकतं, चिरफाळतं. इथं कड गुळगुळीत होती. गॅस कटरनं नीट, सावकाश कापलेली. आणि कापलेल्या कडेच्या खाली, खांबाच्या मागच्या अंगाला, खालून दिसणार नाही अशा जागी पिवळा डाग होता. मी बोट लावून पाहिलं. हळद. त्यावर कुंकवाची बोटं ओढलेली. दुसऱ्या खांबावरही तसंच. खाली खांबाच्या बुडाशी नारळाची करवंटी पडली होती.

पंच बोलावून पंचनामा केला, फोटो काढून घेतले. अभियंता म्हणाला, भंगारचोरांचं काम असेल. मी त्याला म्हटलं, नोकरीत मी शेकड्यानं भंगारचोर पाहिले, पण चोरायच्या लोखंडाची आधी पूजा करणारा एकही पाहिला नाही. तरी खात्री हवी, म्हणून भंगार बाजारातल्या माझ्या खबऱ्याला कामाला लावलं. संध्याकाळच्या आत त्याचा निरोप आला की अशी तुळई शहरात कुठल्याच दुकानात आलेली नाही, कुणी विकायला फिरवलेलीही नाही. याच खबरीनं तपास वळला. लोखंड कापून नेलं, पण विकायला नाही. म्हणजे ते कापणाऱ्याला लोखंड नको होतं, मोकळी जागा हवी होती.

पुलाच्या तोंडाशी एक चहावाला होता. आधीच्या जबाबात त्यानं आपण काहीच पाहिलं नाही असं सांगितलं होतं, आणि ते त्याच्या मते खरंही होतं. कमान कुणी तोडली असं त्याला विचारलं होतं. तोडताना त्यानं कुणाला पाहिलं नव्हतं. या वेळी मी त्याला विचारलं, इथं कुणी काम करत होतं का?

"हो, होते की. अपघाताच्या दोन दिवस आधी, भर दुपारी. मला वाटलं सरकारी माणसं. पण एकानं मला हात जोडले. म्हणाला, ठिणग्या उडतील, आपण जरा बाजूला बसता का? तेव्हाच मला शंका आली. सरकारी माणूस हात कशाला जोडतोय?"

भर दुपारी, शेकडो लोकांच्या देखत. पुण्यात दिवसाढवळ्या गॅस कटर घेऊन काहीही कापा, कुणी विचारत नाही. फार तर वाहतूक का अडवली म्हणून कुरकुर करतील.

अपघाताच्या आदल्या दिवशी पलीकडच्या गावची यात्रा होती. त्या दिवशी जुना पूल वाहतुकीला बंद होता आणि बंदोबस्त आमच्याच ठाण्याचा होता. बंदोबस्तावरचा पोलीस गर्दीचे खिसे आणि हात बघतो, डोक्यावर काय आहे नि काय नाही ते बघत नाही. त्या दिवशी पुलावरून काय गेलं, हे आठवल्यावर मात्र मला वेगळा पुरावा लागला नाही. देवाची काठी गेली होती. दोन मजली घराहून उंच बांबू, त्याला रंगीत कापडं गुंडाळलेली, टोकाला मोरपिसं. मधोमध एक मानकरी ती कमरेच्या पट्ट्यात तोलून धरतो आणि चार बाजूंनी चौघं दोर ताणतात. ती गावातून निघते, पूल ओलांडून शहराकडच्या काठावरच्या देवाच्या ठाण्याला भेटते आणि परत जाते. कमान जागेवर असती तर ती काठी उभी जाऊच शकली नसती.

चौकशी केली तेव्हा कळलं, काठीचा मानकरी म्हणजे मुलाचा तोच चुलता. आणि मेलेला मुलगा दोर धरणाऱ्या चौघांतला एक.

मी गावात गेलो. देवळापुढच्या कट्ट्यावर पाच-पंचवीस माणसं जमली होती. कमानीचं विचारलं की सगळे मूग गिळून बसत. मी एकेकाला वेगळं घेऊन विचारलं, गोडीनं विचारलं, आवाज चढवूनही विचारलं. शेवटी एक तरणा गडी वैतागून बोलून गेला.

"आमाला नका इचारू, सायेब. आमी भंडारा उचललाय."

म्हातारे त्याच्याकडे असे बघायला लागले की त्यानं मान खाली घातली. माझं आजोळ पुरंदरातलं, त्यामुळे भंडारा उचलणं म्हणजे काय ते मला कुणी समजावून सांगायला नको होतं. देवापुढं ताटात हळदीचा भंडारा ठेवतात, एकेकानं पुढं होऊन चिमूट उचलायची आणि शपथ घ्यायची. ती मोडणारा माणूस त्या गावात जिवंत असून नसल्यासारखा होतो. या लोकांना मी कोठडीत घातलं असतं तरी ते बोलले नसते. पण काहीच माहीत नाही म्हणणाऱ्यापेक्षा शपथ घेतलीय म्हणणारा पोलिसाच्या जास्त उपयोगाचा. माहिती आहे, एवढं तरी तो सांगून जातो.

ठाण्यात परत आलो तर वरिष्ठांचा फोन. कुणीतरी पुढारी त्यांच्याकडे जाऊन आला होता.

"तुम्हाला अपघाताचा तपास करायचा आहे की देवाचा?"

"साहेब, मी तुळई शोधतोय. ती देवाची नाही, सरकारची आहे."

ते म्हणाले की उद्या रिमांड आहे. उद्या सकाळपर्यंत काही हाती लागलं नाही तर फिर्यादीत लिहिलंय तेच न्यायालयात सांगायचं आणि विषय संपवायचा. त्यांचं चुकत होतं असं म्हणता येणार नाही. परगावचा ड्रायव्हर एका बाजूला आणि अख्खं गाव दुसऱ्या बाजूला, असा हिशेब कोणीही तसाच केला असता. मला मात्र राग आला होता, आणि तो दाबून ठेवण्याचं मला काही कारण दिसेना. ठाण्याच्या बाकावर ड्रायव्हरची बायको येऊन बसली होती. एसटीनं वाशीमहून आलेली, मांडीवर गाठोडं. ती रडत नव्हती, काही मागतही नव्हती. मी आत-बाहेर केलं की उभी राहायची, एवढंच. तिला दर वेळी 'बसा' म्हणताना मला माझीच लाज वाटायला लागली.

त्याच दुपारी मी पुन्हा गावात गेलो. या वेळी देवळाकडे न जाता मानकऱ्याच्या घरी. साध्या कपड्यांत, बरोबर कुणी नाही. घराला सुतक होतं. साठी उलटलेला, धिप्पाड माणूस ओट्यावर बसला होता. आत बायका होत्या. मी पाणी मागितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. मग मी एकच प्रश्न विचारला.

"भंडारा उचलला तेव्हा ताट कुणी धरलं होतं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मानकऱ्याचं काम हाय ते. म्या धरलं."

"म्हणजे तुम्ही उचलला नाही."

"दोनी हात ताटाला. उचलायचा कशानं?"

"मग तुम्हाला शपथ नाही."

मी त्यांना ड्रायव्हरचं सांगितलं. तो रोज काय विचारतो ते सांगितलं. त्याच्या बायकोचं सांगितलं. उद्या न्यायालयात काय होणार तेही सांगितलं. ते ऐकत राहिले आणि मग पुलापासून सुरुवात केली.

पूल नव्हता तेव्हा काठी नदीच्या उतारातून जायची. पूल बांधताना पायासाठी उतार खणला आणि देवाची वाट मोडली. गाव अडून बसलं. तेव्हा बांधकामावरच्या गोऱ्या साहेबानं गावाला शब्द दिला की पुलावरून पहिली जाईल ती तुमची काठी आणि दर साली ती उभीच जाईल. खरं-खोटं देव जाणे, पण गावात पिढ्यान्‌पिढ्या हेच सांगत आले. पूर आला, प्लेग आला, काठी कधी आडवी झाली नाही. काठी आडवी झाली म्हणजे देव पडला, असं गाव मानतं. नव्या पुलावरून नेता येत नव्हती, तिथं विजेच्या तारा आडव्या. कमान गेल्या यात्रेनंतर बसली, तेव्हापासून गावानं कार्यालयाकडे अर्ज केले, खेटे घातले. एका साहेबानं तर हसून सांगितलं की दोन मिनिटं आडवी करा आणि खालून न्या, काय बिघडतंय?

"मंग कापली," ते म्हणाले. "चोरली न्हाय. आधी हात जोडलं, भंडारा लावला, नारळ फोडला. यात्रा झाली की परत जोडणार व्हतो. रंग सुदिक आणून ठिवला व्हता."

"मग यात्रा संपल्यावर लगेच का जोडली नाही?"

"दुसऱ्या दिशी मोडा व्हता."

मोडा म्हणजे गावानं काम बंद ठेवायचा दिवस. औत जुंपायचं नाही, लोखंडाला हात लावायचा नाही. गावातला वेल्डर अवजाराला शिवायला तयार नव्हता. बाहेरचा माणूस आणावा तर तो काठीच्या कामाला चालत नाही. म्हणून रस्त्यात दोन दगड आणि लाल फडकं ठेवलं आणि एक दिवस थांबायचं ठरलं. सकाळी घाईतल्या कुणीतरी ते दगड बाजूला सारले. आणि मोकळ्या रस्त्यावरून गुळाचा ट्रक आत आला.

सगळ्या प्रकरणाचा पेच एवढाच होता. एका दिवसाचा.

"तुम्ही पहिल्या दिवशीच का नाही बोललात?" मी विचारलं. "पोलिसांना तुम्ही भीत नाही, हे मला दिसतंय."

त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं. आत मुलाची आई होती.

"तिला कसं सांगू, सायेब? ती त्या डायवरला शिव्या देतीय. दिवसभर देतीय. तेवढ्यावर तिनं जीव धरलाय. म्या सांगितलं की तुजं पोरगं काठीपायी गेलं, माज्या काठीपायी, तर ती कुनाला शिव्या दील? येकाच घरात ऱ्हातो आमी."

मला या माणसाचा संताप आला होता आणि त्याच वेळी त्याची कीवही येत होती. दोन्ही खरं आहे, म्हणून लिहितो. मी त्यांना सांगितलं की पोलिसापुढं दिलेल्या कबुलीला न्यायालयात किंमत नसते. मला तुळई पाहिजे. उद्या सकाळी दहाच्या आत ठाण्यात पाहिजे. आणि घरात काय सांगायचं ते त्यांनी सांगायचं आहे, मी नाही.

ठाण्यात आल्यावर माझे सहकारी फौजदार मला म्हणाले की साहेब, आताच जाऊन गावाची झडती घ्या, नाहीतर उद्यापर्यंत तुळई खरोखर नदीत जाईल. धोका होता, तो मलाही कळत होता. पण झडतीत लोखंड हाती लागलं असतं, गाव आणखी घट्ट झालं असतं. कुणी कापलं, का कापलं, हे सांगायला न्यायालयात एकही माणूस उभा राहिला नसता. मी थांबायचं ठरवलं. तो निर्णय माझा होता आणि चुकला असता तर त्याची किंमत त्या बाकावरच्या बाईनं मोजली असती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

सकाळी ठाणे अंमलदार स्टेशन डायरी लिहीत होता, इतक्यात तो लिहायचा थांबून उभा राहिला. मी बाहेर आलो. रस्त्यावरून गाव येत होतं. पुढं सहा-सात गड्यांच्या खांद्यावर तुळई होती. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा नवा रंग दिलेली, स्वच्छ, सरकारनं बसवली होती तेव्हापेक्षा चांगली. मागं बाया-बाप्ये. त्यातल्या एकाच्याही तोंडातून शब्द निघत नव्हता. त्यांनी ती ठाण्याच्या आवारात हलक्या हातानं उतरवली आणि बाजूला उभे राहिले. शपथ न बोलण्याची होती, ती कुणी मोडली नाही.

मानकरी पुढं आले. त्यांच्याबरोबर मुलाची आई होती. तिला आदल्या दिवशी कळलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावरून कुणालाही समजलं असतं. ती त्यांच्यापासून चार हात लांब उभी होती, पण आली होती. बाकावरची ड्रायव्हरची बायको सवयीनं उठून उभी राहिली. दोघींनी एकमेकींना पाहिलं. मुलाची आई तिच्याजवळ गेली, खाली बसली आणि तिला हाताला धरून शेजारी बसवलं. मी माझ्या खोलीत गेलो आणि थोडा वेळ दार लावून घेतलं.

तुळई मुद्देमाल म्हणून जप्त केली. खांबांवरच्या आणि तिच्या टोकांच्या कडा तज्ज्ञांनी जुळवून दिल्या. मानकऱ्यांनी दंडाधिकाऱ्यांपुढं जबाब दिला आणि कापण्याचा सगळा भार स्वतःवर घेतला. कटर चालवणाऱ्याचं नाव त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही, ते आम्ही शोधून काढलं. ड्रायव्हरवरचं मोठं कलम निघालं, त्याला जामीन मिळाला आणि पुढं तो सुटला. गावावर सरकारी मालमत्तेच्या नुकसानीचा गुन्हा चालला, मानकऱ्यांना शिक्षाही झाली. अर्ज दाबून ठेवणाऱ्या साहेबांकडे खुलासा मागितला गेला. खुलासा भरपूर लांब होता, एवढंच माझ्या कानावर आलं.

पूल दुरुस्त झाला. मी लिहिलेल्या अहवालावरून कमानीला बिजागरी आणि कुलूप बसवलं. यात्रेच्या दिवशी तासाभरासाठी तुळई उघडायची, किल्ली पोलीस ठाण्यात. पुढच्या यात्रेला ती किल्ली घेऊन मी स्वतः कमानीपाशी उभा राहिलो. मानकरी तेव्हा जामिनावर होते. काठी या वर्षी दुसरं कुणी धरील, असं मला वाटलं होतं, पण ती त्यांच्याच पट्ट्यात होती. पुलाच्या मधोमध, कठड्याचे नवे दगड जिथं वेगळे दिसतात, तिथं मिरवणूक थांबली. मुलाची आई बायकांतून पुढं झाली, तिनं त्या दगडांना भंडारा लावला आणि बाजूला झाली. मग काठी कमानीपाशी आली. मी खिशातून किल्ली काढली.

"ऱ्हाऊ द्या, सायेब," मानकरी म्हणाले.

त्यांनी दोर धरणाऱ्यांना खूण केली. ढोल थांबले. दोर सैल झाले, काठी हळूहळू कलली आणि तिचं टोक चौघांनी हातांवर झेललं. पुलाच्या जन्मापासून कधी आडवी न झालेली काठी बंद तुळईखालून माणसांच्या हातांवर पलीकडे गेली. पलीकडे ती पुन्हा उभी केली. गावातली म्हातारी माणसं रडत होती. मानकरी घामानं भिजले होते. माझ्याजवळून जाताना ते थांबले.

"आदल्या सालीच वाकवायला पायजे व्हती," ते म्हणाले आणि पुढं गेले.

त्या प्रकरणापासून मी तपासाला बसलो की एक गोष्ट आधी बघत आलो. गप्प बसलेला माणूस बहुतेक वेळा शिक्षेला भीत नाही. जगात एक कुणीतरी असतं, ज्याच्या तोंडाकडे त्याला बघता येणार नसतं. ते कोण, हे सापडलं की निम्मा तपास होतो. पुढं नव्या अधिकाऱ्यांना मी हे सांगत असे. ते मान डोलवत आणि कलमं लिहून घेत.

किल्ली मी ठाण्यात परत आणून खिळ्याला अडकवली. माझी बदली झाली, पुढं निवृत्तीही झाली. यात्रा अजून भरते, काठी अजून त्याच पुलावरून जाते. ठाण्यातला एक जुना शिपाई परवा भेटला होता. त्याला विचारलं, तर म्हणाला की किल्ली तिथंच आहे, गंजून गेली आहे.